हुंकार देणारं कोणी हवं

कुरुसभेत द्रौपदीनं विचारलेला प्रश्न साधा होता. जो आधी स्वतःलाच हरून बसला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? समोर भीष्म होते, द्रोण होते, पाच नवरे होते. धर्माची गती सूक्ष्म आहे, असं म्हणून भीष्मांनी हात टेकले. तिची बाजू घेऊन बोलले ते विदुर आणि विकर्ण. विदुराचं कोणी ऐकलं नाही आणि विकर्णाला कर्णानं गप्प बसवलं. आपल्या अभिजात वाङ्मयातल्या आणि नाटकांतल्या किती तरी नायिका त्या सभेतल्यासारख्या माणसांच्या गर्दीत एकट्या उभ्या आहेत. त्यांचं दुःख लेखकांनी जीव ओतून लिहिलं. त्यांना ‘ओ’ देणारं माणूस मात्र फार थोड्यांनी लिहिलं.

याच द्रौपदीची गोष्ट भिलाईच्या परिसरात गायली जाते, तेव्हा ती एकटी राहत नाही. पंडवानी म्हणजे पांडवांची कथा, छत्तीसगडी बोलीत, गाऊन आणि बोलून सांगितलेली. तिची मूळ परंपरा परधान आणि देवार गायकांची. तिच्या दोन शाखा सांगतात. वेदमती शाखेत गायक बसून गातो आणि सबलसिंह चौहानांच्या महाभारताचा धागा धरून चालतो. कापालिक शाखेत तो उभा राहतो, फिरतो, अभिनय करतो, मनानं भर घालतो. बाईनं गायचंच तर बसून गावं, अशी रीत होती. ती तीजनबाईंनी मोडली.

तीजनबाईंचा जन्म १९५६चा, भिलाईजवळच्या गनियारी गावातला, पारधी समाजातला. आईचे वडील ब्रिजलाल महाभारत गात. ते ऐकता ऐकता पोरीला पाठ झालं. पुढे उमेदसिंह देशमुखांनी शिकवलं. बाराव्या वर्षी लग्न झालं. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला कार्यक्रम केला, बिदागी दहा रुपये. बाई उभी राहून गाते म्हणून समाजानं तिला वाळीत टाकलं. ती वेगळी झोपडी बांधून राहिली, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी, दाणागोटा मागून आणला आणि गात राहिली. ‘वाळीत टाकणं’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात २०१७ साली लागू करावा लागला, एवढी ती रीत आपल्याकडेही मुरलेली आहे.

पुढे हबीब तन्वीर यांनी हा आवाज हेरला. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मधून तो घरोघर पोचला. भिलाईच्या पोलाद कारखान्यात तीजनबाईंना नोकरी मिळाली. १९८७ला पद्मश्री, २००३ला पद्मभूषण, २०१९ला पद्मविभूषण. हा प्रवास सगळे सांगतात. या कलेच्या घडणीविषयी मात्र कमी बोललं जातं, आणि मला सांगायचं आहे ते तिच्याविषयीच.

तीजनबाई रंगात आल्या की हातातल्या, मोरपिसं लावलेल्या तंबुऱ्याकडे बघावं. खांद्यावर घेतला की ती भीमाची गदा. आडवा धरला की अर्जुनाचं धनुष्य. आणि दुःशासनाची मूठ आवळली की तोच तंबुरा द्रौपदीचे केस होतो. ओढणारा आणि ओढली जाणारी, दोघंही त्या एकाच बाईच्या अंगात असतात. आवाज घोगरा आणि धारदार, त्यात हुंदका फारसा नसतो, जाब असतो. आणि शेजारी बसलेला असतो रागी. तो नुसता साथीदार नव्हे. गायिकेच्या प्रत्येक ओळीला तो होकार भरतो, मध्येच विचारतो, ‘मग काय झालं?’ या होकाराला हुंकारू म्हणतात. त्याच्यावाचून कथा पुढे सरकत नाही. द्रौपदीच्या प्रश्नाला हस्तिनापुरात जे मिळालं नाही, ते पंडवानीनं आपल्या बांधणीतच घालून ठेवलं आहे. बाई बोलते आहे आणि कोणी तरी ‘हो’ म्हणतं आहे.

ही बांधणी आपल्याला परकी नाही. शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी’ धरतात. जात्याला समोरासमोर दोघी बसतात. एकीनं ओवी सुरू केली की दुसरी ती उचलते. आजी गोष्ट सांगताना आपण ‘हूं’ म्हटलं नाही तर ती थांबायची. मग आपल्या रंगभूमीवर हा हुंकार कुठे गेला?

‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं. सिंधू लोकांची दळणं दळते, माहेरचा आधार नाकारते आणि शेवटपर्यंत नवऱ्याला पाठीशी घालते. बालगंधर्वांची सिंधू बघून महाराष्ट्र रडला. पण तो सोसण्याला दिलेला मान होता. सिंधूला प्रश्न विचारू दिलाच नाही, म्हणून तिला उत्तरही कोणी दिलं नाही. त्यापूर्वी वीस वर्षं, १८९९मध्ये, देवलांच्या शारदेला निदान मैत्रिणी होत्या; तिचं दुःख त्यांच्यात बोललं जात होतं. म्हणून ते नाटक मला आजही अधिक जिवंत वाटतं.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये १९६७ साली सुलभा देशपांडे यांची बेणारे उभी राहिली. तिचं दीर्घ स्वगत सुरू होतं तेव्हा रंगमंचावरची बाकीची माणसं जागच्या जागी गोठतात. ती बोलते ते फक्त प्रेक्षकांना ऐकू येतं, कोर्टाला नाही. मराठी नाटकानं बाईचं एकटेपण इतक्या अचूकपणे दुसरीकडे क्वचितच दाखवलं असेल. पण तेंडुलकर ते दाखवून थांबतात. पुढचं पाऊल मला प्रशांत दळवी यांच्या १९९१च्या ‘चारचौघी’त दिसतं. विद्या फोनवर नवऱ्याशी लांबलचक बोलते, पलीकडचा आवाज आपल्याला येत नाही. पण ते घर आई आणि तीन मुलींचं आहे. तिथे फोन ठेवल्यावरही कोणी तरी असतं. २०२२मध्ये हे नाटक पुन्हा आलं आणि नव्या पिढीनं ते आपलंसं केलं, याचं कारण मी इथे शोधतो.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीला बोल लावला. भर सभेत कायद्याचा कीस काढणं ही तिची चूक, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. प्रश्न विचारणं हाच तिचा मोठेपणा. पण त्याच लेखाच्या अखेरीस त्यांनी हिमालयात कोसळलेल्या द्रौपदीजवळ भीमाला आणून बसवलं, आणि आपल्याला खरोखर कोणी जपलं हे तिला मरताना उमगतं. पंडवानीचाही लाडका नायक भीमच. पुण्याच्या विदुषीला आणि छत्तीसगडच्या गायकांना तिच्याजवळ बसवायला एकच माणूस सापडला, हा योगायोग मला मोलाचा वाटतो.

आज पंडवानीत बायका भरपूर आहेत. भिलाईच्याच रितु वर्मांनी वेदमती शाखा गाजवली. उषा बारले यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. वाळीत टाकलेल्या एका बाईनं मोकळी केलेली वाट आता मळलेली आहे. तरीही तीन गोष्टी सलतात. एक, रात्र रात्र चालणारी कथा महोत्सवांत अर्ध्या-पाऊण तासावर आली. कापताना पहिली कात्री लागते ती रागीच्या बोलण्याला, म्हणजे नेमक्या हुंकाराला. दोन, मागणी येते ती दुःशासनवधाची. द्रौपदीचा अपमान मग सुडाचं निमित्त होऊन राहतो. गांधारी, कुंती, हिडिंबा यांची पाळी येत नाही. तीन, समीक्षेच्या नावाखाली आपण चरित्र आणि सन्मानांची यादी लिहितो. बहिष्काराची कहाणी गोड करून सांगतो, पण त्या बहिष्कारानं गाण्यात काय आणलं, हे तपासत नाही.

विदर्भातल्या आयोजकांना माझी विनंती आहे. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि मग दुर्ग-भिलाई येतं. एवढ्या जवळची ही कला आपण लोकनृत्यांच्या दोन कार्यक्रमांमध्ये बसवू नये. तिला पूर्ण रात्र द्यावी, रागीसह बोलवावी, आणि गांधारीचा प्रसंग मागून घ्यावा. आणि तुम्ही ऐकायला जाल तेव्हा पुढे बसा. गायिका ओळ संपवून तुमच्याकडे बघेल, तेव्हा ‘हूं’ म्हणा.