पायीं पाहिलेला सातारा

शहर पाहावें तें पायीं, हें खरें. पण आमचे प्रवासवर्णनकार साताऱ्यास येऊन अजिंक्यतारा चढतात, कासचीं फुलें वर्णितात आणि 'पुरोगामी विद्यानगरी' असा शेरा मारून परततात. हा शेरा फार स्वस्तांत मिळविलेला आहे. राजवाड्यांतील हायस्कुलांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं बालक आंबेडकरांचें नांव दाखल झालें, हें ते अभिमानानें सांगतात. तेव्हांच्या शाळेंत त्यांस कोपऱ्यांत, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे, हें मात्र गाळतात.

तेथून चालत धननीच्या बागेकडे जावें. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यांत काढलेल्या वसतिगृहास १९२७ त गांधीजींच्या हस्तें शाहू छत्रपतींचें नांव मिळालें. तेथें सर्व जातिधर्मांचीं मुलें एका चुलीवरचें अन्न एका पंगतीस जेवलीं. ही उदारता नगराची नव्हे. खेड्यांतून आलेल्या पोरांनीं ती नगरास शिकविली.

सांगलीचें विलिंग्डन कॉलेज आणि काले गांवीं निघालेली रयत शिक्षण संस्था, दोन्ही १९१९ चींच. पहिल्याविषयीं आम्हां पदवीधरांनीं (प्रस्तुत लेखकहि त्यांतलाच) पुष्कळ लिहिलें. दुसरीच्या स्वयंपाकघराविषयीं एकहि चांगला निबंध अद्याप आमच्या वाचनांत आलेला नाहीं.