झाकणावरील पक्षी : माहुरझरीच्या ताम्रकलेचा विचार

विदर्भाच्या कलेतिहासाचा आरंभ सामान्यतः पवनीच्या स्तूपांपासून अथवा वाकाटककालीन मूर्तींपासून केला जातो. त्यापूर्वीच्या धातुवस्तू पुरातत्त्वाच्या अहवालांत ‘भांडी’, ‘अवजारे’ आणि ‘अलंकार’ या सदरांखाली विसावतात, आणि कलासमीक्षा त्यांच्याकडे फिरकत नाही. ही विभागणी सोयीची असली, तरी ती यथार्थ आहे काय, हा प्रश्न नागपूर व कळमेश्वर यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातील माहुरझरीच्या संदर्भात उपस्थित होतो.

या परिसरातील शिलावर्तुळांकडे अभ्यासकांचे लक्ष फार पूर्वी वेधले गेले होते. जुनापाणीच्या वर्तुळांविषयी रिव्हेट-कारनॅक यांचा लेख १८७९ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७० ते १९७२ या काळात शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने माहुरझरी येथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील या दफनांत लोखंडी शस्त्रे, मणी, घोड्यांचे अवशेष व तांब्याच्या वस्तू मिळाल्या. विदर्भातील महापाषाणीय स्थळांवरील ताम्रवस्तूंमध्ये, ज्यांच्या माथ्यावर पक्ष्याची आकृती बसविलेली आहे अशी झाकणे विशेष विचारार्ह होत.

झाकणाला धरावयास काहीतरी असावे लागते. ती गरज साध्या गाठीनेही भागते. कारागिराने तेथे पक्षी बसविला, याचा अर्थ उपयोगाची अट पूर्ण करून त्याने तिच्यापलीकडे एक पाऊल टाकले. हे पाऊल म्हणजे निव्वळ सजावट नव्हे. सजावट वस्तूच्या पृष्ठभागावर पसरते आणि ती काढून टाकली तरी वस्तू आपले काम करीतच राहते. येथे मात्र पक्षी काढला तर झाकणाची मूठच नाहीशी होते. उपयोग आणि आकृती परस्परांपासून विलग करता येत नाहीत, हे या रचनेचे पहिले वैशिष्ट्य होय. दुसरे असे की, झाकण हे उचलले जाण्यासाठी असते आणि पक्षी हा उडण्यासाठी. वस्तूची हालचाल व प्राण्याचा स्वभाव यांचा असा मेळ निसर्गाच्या केवळ अनुकरणाने साधत नाही.

दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या कांस्यशिल्पांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. तेथील हत्ती, गेंडा, रेडा व रथ या चार शिल्पांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक आहे. त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. परंतु त्यांचा प्रभाव भरीव वस्तुमानावर उभा आहे, याविषयी दुमत होऊ नये. विदर्भातील कारागिराची वृत्ती याच्या उलट आहे. घोड्याच्या मुखावरील अलंकारांत त्याने तांब्याचा पत्रा वापरला व त्यावर लोखंडी बोंडे जडविली. धातुपरीक्षणांत येथील काही कांस्यवस्तूंत कथलाचे प्रमाण सुमारे २० टक्के आढळले आहे. असे कांसे थंड असता ठिसूळ असते; ते तापवून ठोकावे लागते आणि मग पाण्यात विझवावे लागते. तेव्हा येथील नाजूकपणा हा साधनांच्या दारिद्र्याचा परिणाम नसून धातूच्या स्वभावाच्या ज्ञानाचे फळ आहे.

या पक्ष्याला मृतात्म्याचे प्रतीक मानण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि या लोकांचे कोणतेही लेखन उपलब्ध नाही. उत्तरकालीन वाङ्मयातील कल्पना त्यांच्यावर लादणे म्हणजे उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारण्यासारखे आहे. अर्थ अनिश्चित असला तरी आकृतीचे मूल्यमापन अशक्य ठरत नाही. उपयोगाने ज्याचा उलगडा होतो ते बाजूला काढल्यावर जे उरते, तेच समीक्षेचे क्षेत्र होय.

कलावंत व कारागीर हा भेदही पुष्कळसा भाषेने घडविला आहे. संस्कृतात ‘शिल्प’ हा शब्द कोणत्याही हस्तकौशल्यास लागू होता. आजच्या मराठीत तो मुख्यतः मूर्तीपुरता व कोरीव कामापुरता संकोचला. आणि या संकुचित अर्थानेच आपण मागील काळाचा निवाडा करतो. याच मराठीत ‘तांबट’ हे तांब्याचे काम करणाऱ्याचे नाव आहे आणि ठोक्यासारखा एकसुरी आवाज करणाऱ्या एका पक्ष्याचेही. अर्थात हे उदाहरण महापाषाणीय लोकांविषयी काहीही सिद्ध करीत नाही. त्यांची भाषा कोणती होती हे ठरविण्यास आधार नाही. परंतु कारागीर आणि पक्षी यांना एका नावाने ओळखणाऱ्या भाषेने तांब्याच्या पक्ष्याला केवळ ‘झाकणाचा भाग’ म्हणून नोंदवावे, यात विसंगती आहे खास.

या नोंदीचे परिणाम केवळ शाब्दिक नाहीत. शिलावर्तुळांचा हा प्रदेश वाढत्या नगराच्या कडेवर आहे. दफनातील वस्तूचे स्थान, तिच्या शेजारच्या वस्तू आणि तिची दिशा एकदा विस्कटली की ती पुन्हा मिळत नाहीत. जी वस्तू ‘भांडे’ म्हणून नोंदली जाते, तिचे माप घेतले जाते. जी ‘शिल्प’ म्हणून नोंदली जाते, तिच्याकडे पाहिलेही जाते. माहुरझरीच्या अनामिक तांबटाला या दुसऱ्या दृष्टीचा लाभ व्हावयाचा असेल, तर विदर्भाच्या कलेतिहासाचे पहिले प्रकरण दगडापासून नव्हे, तांब्यापासून लिहावे लागेल.