चिनी भाषेंतील अग्नि आणि सरपण

एखाद्या समाजाची विचार करण्याची रीत समजून घ्यावयाची असल्यास त्याच्या देवघरांतील शब्दांइतकेंच त्याच्या चुलीभोंवतालच्या शब्दांकडेही लक्ष द्यावें, असें आम्हांस वाटतें. विस्तव सर्वत्र सारखाच जळतो. पण त्याच्याकडे पाहणाऱ्याची दृष्टि कोठें खिळते, हें भाषेगणिक निराळें असतें. चिनी भाषेंतील अग्निविषयक शब्द व म्हणी पाहतांना जी गोष्ट मनावर ठसते ती ही कीं, या म्हणी रचणाऱ्यांची नजर ज्वाळेवर फार वेळ ठरत नाहीं. ती लगेच सरपणावर जाते. लांकडें कोणीं रचलीं, आणि तीं वेळींच कोणीं कां हलविलीं नाहींत, हे प्रश्न त्यांस अधिक महत्त्वाचे वाटतात.

प्रथम शब्दांकडे वळूं. अग्नीस चिनी शब्द 'हुओ'. कांग्शी बादशहाच्या आज्ञेनें तयार होऊन १७१६ सालीं पूर्ण झालेल्या कोशांत अक्षरांचे २१४ वर्ग केले आहेत. त्यांत अग्नीचा वर्ग ८६ वा. छपराखालीं अग्नि काढला कीं 'आपत्ति' हा अर्थ होतो. वृक्षांच्या जोडीखालीं काढला कीं 'जाळून टाकणें'. अग्नीशेजारीं डोकें काढलें कीं 'वैताग'; आपल्याकडेही डोकें तापतेंच. राखेच्या अक्षरांत अग्नि आणि हात आहेत, आणि इ. स. १०० च्या सुमारास शू शन या कोशकारानें त्याचें कारण असें दिलें कीं, विझलेला अग्नि तेवढा हातीं धरतां येतो. सोबत्याला 'हुओबान' म्हणतात. तांग राजवटींत एका चुलीवर जेवणाऱ्या दहा सैनिकांच्या तुकडीला 'हुओ' हेंच नांव होतें. त्या चुलीची ऊब या शब्दांत अजून राहिली आहे.

अर्वाचीन शब्दांत तर मराठी वाचकाला घरच्यासारखें वाटेल. आपल्या आगगाडीला चिनी शब्द 'हुओछ', म्हणजे अक्षरशः 'आगीची गाडी'. 'हुओज्येन' म्हणजे आगीचा बाण. पूर्वीं तो खराच बाण होता, आतां तो शब्द आकाशांत जाणाऱ्या यानाला लावतात, आणि आपणही त्याला अग्निबाणच म्हणतों. हे शब्द कोणीं कोणाचे उसने घेतलेले नाहींत. बाफेचें यंत्र प्रथम पाहणाऱ्या दोन्ही समाजांना त्याच्या पोटांतील विस्तवच आधीं दिसला, इतकेंच. आगींत तेल ओतणें तिकडेही आहे. खरें सोनें आगीला भीत नाहीं अशी म्हणही आहे, आणि चुलीच्या देवाची पूजा तर प्राचीन आहे. तेव्हां अग्नीचें देवत्व त्या लोकांना अपरिचित होतें, असें कोणीं समजूं नये.

परंतु सरपणाचा विषय निघाला कीं चिनी भाषेचें वैशिष्ट्य दिसूं लागतें. सरपण म्हणजे 'शिन'. मेन्शियस या तत्त्वज्ञानें, गाडीभर पेटलेल्या लांकडांवर पेलाभर पाणी टाकून 'पाण्यानें आग विझत नाहीं' असें म्हणणाऱ्यांचा समाचार घेतला. त्यावरून अपुऱ्या उपायाला 'पेला पाणी, गाडी लांकूड' म्हणूं लागले. वेइ राज्याचा राजा मुलूख तोडून देऊन बलाढ्य छिन राज्याला शांत करूं पाहत होता, तेव्हां सू दाइ या मुत्सद्द्यानें त्याला बजावलें कीं, हें लांकडांचा भारा कवटाळून आग विझवावयास जाण्यासारखें आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत ज्या यी यानें हान सम्राट वन याला लिहिलें कीं, रचलेल्या लांकडांखालीं विस्तव ठेवून वर निजणारा मनुष्य, अजून लांकडें पेटलीं नाहींत एवढ्यावरून आपणास सुरक्षित समजतो. राज्याची स्थिति अशीच आहे. आणि उपाय सांगणारी म्हण तर सर्वश्रुत आहे: हंड्याखालचें लांकूडच ओढून काढा. या म्हणींत ज्वाळेचा रंग नाहीं, तिचा भयंकर लोळ नाहीं. आहे तो केवळ हिशेब.

या सर्वांचा मुकुटमणि म्हणजे 'छ्यू तू शी शिन', धुराडें वांकवा व लांकडें हलवा, ही म्हण. बान गू याच्या हान राजवंशाच्या इतिहासांत तिची कथा आली आहे. एका घरीं पाहुणा गेला. चुलीचें धुराडें सरळ आणि जवळच लांकडांची रास, हें पाहून त्यानें सांगितलें, "धुराडें वांकडें करून घ्या, लांकडें दूर न्या, नाहींतर आग लागेल." यजमान कांहींच बोलला नाहीं. थोड्याच दिवसांत आग लागली. शेजारी धांवले, आग विझली. यजमानानें बैल कापून, मद्य आणून मोठी मेजवानी दिली. ज्यांचीं अंगें भाजलीं होतीं त्यांना वरचीं पानें, बाकीच्यांना कामगिरीप्रमाणें. धुराड्याविषयीं बोलणाऱ्याला मात्र आमंत्रणच नव्हतें. मग कोणीसें म्हणालें, "त्याचें ऐकलें असतें तर बैलही लागला नसता आणि आगही लागली नसती." तेव्हां कोठें यजमानाला उमज पडली.

ही कथा राजदरबारीं सांगितली गेली ती शू फू नांवाच्या मनुष्यासाठीं. हुओ घराण्याची सत्ता अनावर होत आहे, तिला वेळींच आळा घाला, असे तीन अर्ज त्यानें केले होते. (हें आडनांव उच्चारानें अग्निवाचक शब्दासारखें असलें तरी अक्षर निराळें आहे.) इ. स. पूर्वीं ६६ मध्यें त्या घराण्याचा बंडाच्या आरोपावरून नाश झाला. चहाड्या सांगणाऱ्यांना पदव्या मिळाल्या, शू फूला कांहीं नाहीं. कथा ऐकल्यावर सम्राट श्वान यानें त्याला रेशमाचे दहा तागे दिले व पुढें एक लहानसें पद दिलें.

घर पेटल्यावर विहीर खणूं नये हा उपदेश आपल्या सुभाषितकारांनींही केला आहे, मग यांत विशेष तें काय, असें कोणी विचारील. विशेष असें कीं, सुभाषितांत मूर्खाची थट्टा आहे. येथें एका सज्जनाच्या कृतज्ञतेची परीक्षा आहे. यजमान कृतघ्न नाहीं. त्याला भाजलेलीं कपाळें दिसतात, म्हणून तो त्यांचा मान करितो. टळूं शकलें असतें तें संकट मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून तें टाळूं पाहणाऱ्याचें उपकारही दिसत नाहींत. राज्यकारभारापासून रोगनिवारणापर्यंत आजही सत्कार आग विझविणाऱ्यांचेच होतात. याच कथेंतील 'भाजलेलें डोकें, पोळलेलें कपाळ' हे शब्द चिनी भाषेंत पुढें निराळेच वापरले जाऊं लागले: अडचणींनीं गांजून ज्याची त्रेधा उडाली आहे, त्याला ते लावतात. मेजवानींतील मानाचें पान भाषेनें पुढें काढून घेतलें.

या दृष्टीला एक मर्यादाही आहे. ती बहुधा राजाच्या सल्लागाराची दृष्टि आहे. तिला प्रत्येक ठिणगी धोक्याचीच वाटते. प्राचीन 'शूजिंग' ग्रंथांत पान गंग राजा लोकांना चिथावणाऱ्या भाषणांना माळावरच्या वणव्याची उपमा देतो. जानेवारी १९३० मध्यें माओ त्से तुंग यानें एका पत्रांत ठिणगी व वणवा यांचाच दाखला दिला, पण क्रांतीची आशा म्हणून. म्हण जुनीच, बोलणारा बदलतांच भीतीची आशा झाली. उलट इ. स. पूर्वीं २१३ मध्यें ली स्स या मंत्र्याच्या सल्ल्यावरून छिन सम्राटानें ग्रंथ जाळविले, तेव्हां राज्यकर्त्यांनींच आग लावली होती आणि सरपण होतें तें विद्येचें.

तरीही सरपणाचा विचार नेहमींच भीतीचा नाहीं. ज्वांगझी या तत्त्वज्ञाच्या ग्रंथावरून आलेली म्हण सांगते कीं, लांकूड संपतें, पण विस्तव पुढें जातो. गुरूपासून शिष्याकडे जाणाऱ्या विद्येविषयीं ती आज योजतात. अशा म्हणींचें मराठींत भाषांतर करितांना जवळची एखादी आगीची म्हण उचलून ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. आग सर्व भाषांत सांपडेल. पण धुराड्याजवळचीं लांकडें भाषांतरांत गळालीं, तर त्यांविषयीं बोलणारा तो पाहुणा मराठींतही आमंत्रणावांचूनच राहील.