मारियाच्या चादरी

लंडनहून निघणारं 'साइट अँड साउंड' नावाचं सिनेमाविषयीचं एक जुनं मासिक आहे. दर दहा वर्षांनी ते समीक्षकांना विचारतं, आजवरचा सगळ्यात थोर सिनेमा कोणता? पहिल्यांदा विचारलं 1952 साली. तेव्हा पहिला नंबर आला इटलीच्या 'बायसिकल थीव्ज'चा. पुढे पाच वेळा 'सिटिझन केन', मग एकदा हिचकॉकचा 'व्हर्टिगो'. आणि 2022 मध्ये सोळाशेहून जास्त समीक्षकांनी मतं दिली, तेव्हा पहिला आला 'झान डीलमन'. बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा या यादीत पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. सिनेमाच्या पूर्ण नावात नायिकेचं नाव आहे आणि पुढे तिच्या घराचा पत्ता. एवढंच. त्यात ती काय करते? बटाटे सोलते, भांडी घासते, पलंग आवरते, मुलाचे बूट पुसते.

सत्तर वर्षांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला झालेल्या या प्रवासावर लिहावंसं वाटलं. मी सिनेमाची जाणकार नाही. बी.ए. झाले, लग्न झालं, आणि तीस वर्षं गौतमपुऱ्यात संसार केला. पण आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते. मुलं बाहेरगावी गेल्यापासून त्या संध्याकाळी मी परदेशी सिनेमे बघते, खालच्या इंग्रजी ओळी वाचत, अडलं तर थांबवून. पूर्वी असे सिनेमे बघायला शहरात राहावं लागे. कलकत्त्यात सत्यजित राय आणि मित्रांनी 1947 साली फिल्म सोसायटी काढली, मुंबईत 1968 मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. इंदूरपासून तासा-दीड तासावरच्या आमच्या गावात असं काही कुठून येणार? आता मोबाइलने ती सोय केली. पण सोय झाली तरी आपल्या बायका एक वाक्य बोलतातच, "आपल्याला काय कळतंय त्यातलं!" या वाक्याशी माझं भांडण आहे. मला वाटतं, या थोर सिनेमांतलं काही असं आहे, जे घर चालवणाऱ्या बाईलाच आधी कळतं.

'बायसिकल थीव्ज'चंच बघा. व्हित्तोरिओ डी सिका यांचा 1948 चा हा सिनेमा. युद्धानंतरचं रोम. अँटोनिओला भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण सायकल हवी, आणि सायकल गहाण पडलेली. त्याची बायको मारिया काय करते? त्रागा न करता पलंगावरच्या चादरी ओढून काढते. लग्नात आणलेल्या चादरी. त्या धुते, गाठोडं बांधते आणि गहाणवटीच्या दुकानात नेते. चादरी देऊन सायकल सुटते. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन शिडीवर चढत जातो, आणि आपल्याला दिसतं की छतापर्यंत गाठोडीच गाठोडी रचलेली आहेत. किती घरांच्या चादरी असतील त्या! एकही शब्द न बोलता सगळ्या रोमच्या बायकांची अवस्था इथे सांगितली आहे. हा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला.

पुढे सायकल चोरीला जाते आणि बाप-लेक ती शोधत रोमभर फिरतात. ते फिरणं, तो लहानगा ब्रुनो, शेवटी बापाने धरलेला त्याचा हात, सगळं थोरच आहे. पण मारिया कुठे गेली? सुरुवातीच्या भागानंतर ती जवळजवळ दिसतच नाही. ती एका भविष्य सांगणाऱ्या बाईकडे जाते म्हणून नवरा तिची चेष्टा करतो. पुढे हताश झाल्यावर तोच त्या बाईच्या दारात जाऊन बसतो, आणि ते बघायला मारिया तिथे नसते. ज्या चादरींवर सगळी गोष्ट उभी आहे, त्या चादरीवालीला घरी काय वाटत होतं, रात्री ती कशावर निजली, हे डी सिका विचारत नाहीत. सिनेमा मोठा म्हणून हे बोलायचं नाही असं नाही. उलट मोठा आहे म्हणूनच बोलायचं.

आमच्या गावाचंही असंच आहे. गौतमपुरा हे नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंवरून पडलेलं. पण बाहेर गाव माहीत आहे ते हिंगोट युद्धासाठी. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आमचे तुर्रावाले आणि रुणजीचे कलंगीवाले मैदानात एकमेकांवर पेटती हिंगोटं फेकतात. टीव्हीवाले येतात, मैदान दाखवतात. घरात मलम शोधून ठेवणाऱ्या आणि दाराकडे डोळे लावून बसलेल्या बाईकडे कॅमेरा वळत नाही.

बरं, सिनेमा पडद्यावर येण्याआधीच त्यात बायकांच्या चादरी लागलेल्या असतात. आपल्या देशातला पहिला मोठा कथापट, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', 1913 चा. त्यासाठी सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने कामी आले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, फिल्मला भोकं पाडायचं काम शिकून घेतलं, आणि चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या. पडद्यावर मात्र तारामती झाले अण्णा साळुंके, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. हे साळुंके मूळचे खाणावळीत स्वयंपाकाचं काम करणारे. म्हणजे स्वयंपाकी पडद्यावर राणी झाला आणि घरची बाई पडद्यामागे स्वयंपाकात राहिली. बेचाळीस वर्षांनी सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'साठीही त्यांच्या पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. हे राय लंडनमध्ये 'बायसिकल थीव्ज' बघूनच भारावून परतले होते.

पण रायांनी एक केलं. डी सिकांनी मारियाला जिथे सोडलं, तिथूनच त्यांनी सर्बजयाला धरलं. 'पथेर पांचाली' लोकांना आठवतो तो आगगाडी बघायला धावणाऱ्या अपू-दुर्गासाठी. मला तो सर्बजयाचा सिनेमा वाटतो. नवरा हरिहर भला माणूस, पोथ्या-नाटकांच्या स्वप्नात रमलेला, पैसे मिळवायला म्हणून गेला की महिनोन्‌महिने पत्ता नाही. ती घरातली भांडी विकून दिवस काढते. आणि ती काही देवी नाही हं! म्हाताऱ्या इंदिर आत्याला ती टाकून बोलते, घरातून जायला लावते. आपण चिडतो तिच्यावर. पण डब्यात तांदूळ किती उरलेत हे जिला रोज मोजावं लागतं, तिचा जीव आखडतोच, हेही राय दाखवतात. शेवटी हरिहर दुर्गासाठी साडी घेऊन परततो. दुर्गा तोवर गेलेली असते. सर्बजया तोंडाशी साडी धरते आणि तिच्या रडण्याच्या जागी वाद्याचा सूर फुटतो. करुणा बॅनर्जी यांचा तो चेहरा विसरता येत नाही.

आता आपल्या मराठीकडे या. 'संत तुकाराम' 1936 चा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांचे तुकाराम सगळ्यांना माहीत. मी सांगते, हा सिनेमा गौरीबाईंच्या जिजाईसाठी बघा. नवरा अभंगात बुडालेला, हिला म्हशीचं बघायचं, पोरांच्या पोटाचं बघायचं. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो, पोरांच्या अंगावर दागिने चढतात, ती हरखून जाते आणि तुकाराम सगळं परत पाठवतात. पोरगा आजारी पडतो तेव्हा तर ती एका हाताने त्याला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट देवळात शिरते, पांडुरंगाला जाब विचारायला! भक्तिपटात हे दाखवायचं, तेही नव्वद वर्षांपूर्वी! आणि गंमत पाहा, त्या शिव्या ऐकून देव कोपत नाही, मुलगा बरा होतो. सिनेमा संतांच्या बाजूने आहे, पण जिजाईला त्याने खलनायिका केलं नाही. तिचा राग ही तिची भक्तीच आहे, तव्यावरून आलेली. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे राहते. कोणीतरी मागे राहावंच लागतं ना.

'टोक्यो स्टोरी'मध्ये मागे राहिलेली आहे नोरिको. यासुजिरो ओझू यांचा 1953 चा जपानी सिनेमा. म्हातारे आई-वडील ओनोमिचीहून मुलांना भेटायला टोक्योला येतात. डॉक्टर मुलाला वेळ नाही, पार्लर चालवणाऱ्या मुलीला अडचण होते. दोघं मिळून त्यांना समुद्राकाठच्या स्वस्त विश्रामगृहात धाडतात. प्रेमाने करते ती फक्त नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. तिची एकच खोली. सासऱ्यांसाठी शेजारणीकडून साके, म्हणजे त्यांच्याकडची तांदळाची दारू, उसनी आणते. पदार्थ सोडून द्या, ते उसनं आणणं बघा! अचानक पाहुणे आले की आपण मागच्या दाराने वाटीभर साखर आणतो, अगदी तसं. ओझू कॅमेरा खाली ठेवतात, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपाशी. पाटावर बसून जेवलेल्या आपल्यासारख्यांना ती उंची ओळखीची वाटते. आई गेल्यावर जेवता जेवताच मुलगी तिचे कपडे मागते. माझ्याबरोबर बघणाऱ्या मैत्रिणी इथे एकमेकींकडे बघून हसल्या आणि मग गप्प झाल्या. प्रत्येकीच्या घरातलं कोणीतरी तिला आठवलं असणार. ओझू मात्र कोणाला वाईट ठरवत नाहीत. मुलं आपापल्या संसारात गुंतत जातात, असं नोरिकोच धाकट्या नणंदेला समजावते.

आणि आता ती झान. बेल्जियमच्या शांताल आकेरमन यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी, 1975 मध्ये केलेला सिनेमा. लांबी 201 मिनिटं. एक सामायिक 48 मिनिटांचं धरलं तर चार सामायिकांहून थोडं जास्त. तेवढी बैठक मोडली नाही तरच तो कळतो, म्हणून कुकर-बिकर आटोपून बसा. ब्रसेल्समधली एक विधवा, शाळकरी मुलगा, तीन दिवस. दुपारी पैशासाठी एकेक पुरुष घरी येतो. ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या झाकणाच्या भांड्यात ठेवते. बाकी सगळं घरकाम, आणि ते जितका वेळ लागतो तितका वेळ. खोलीबाहेर पडताना ती प्रत्येक वेळी दिवा बंद करते. कांदा-बटाटा घरात न येणाऱ्या माझ्यासारखीने बटाटे सोलणं इतका वेळ पाहिलं, म्हणजे नवलच. मांस मळते तिथे मी नजर वळवली, हेही सांगून ठेवते.

"यात घडतं काय?" असं आमच्या ह्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, हे घडतं. पातेलं हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते, कुठे टाकावं तिला कळत नाही. पैशाच्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहतं. मग कॉफी बिघडते, मुलाच्या कोटाला जुळणारं बटण मिळत नाही. जिने रोज ठरल्या वेळी ठरलं काम केलंय, तिला लगेच कळतं की ही बाई आतून ढासळते आहे. पुरुष समीक्षकांना हे पुस्तकं वाचून कळलं असेल, आपल्याला पातेल्यावरून कळतं. तिसऱ्या दिवशी काय होतं ते सांगत नाही, पण पहिले दोन दिवस नीट पाहिले असतील तर धक्का बसला तरी नवल वाटत नाही.

तरी हा सिनेमा मी पहिल्या नंबरावर ठेवणार नाही. आकेरमननी घरकामाला वेळ दिला, मान दिला, पण झानला बोलायला माणूस दिलं नाही. शेजारीण येते तीही दाराबाहेरचा नुसता आवाज. जिजाई देवाशी का होईना, कडाकडा भांडते. नोरिकोला उसनं द्यायला शेजारीण आहे. झानला कोणीच नाही. तिचा एकटेपणा खरा असेल, तिथल्या शहरातला, आणि आता आपल्याकडचाही. पण घर म्हणजे फक्त तो एकटेपणा, असं मी मानत नाही. माझं मत विचाराल तर पहिली जिजाई, मग सर्बजया, मग नोरिको, मग झान.

तुमचा क्रम वेगळा लागेल. लागू दे. त्यासाठी आधी बघावं लागेल. सुरुवात 'संत तुकाराम'पासून करा, भाषा आपली आहे. मग 'पथेर पांचाली', मग 'टोक्यो स्टोरी'. झानसाठी सुट्टीचा दिवस ठेवा आणि दोघी-तिघी मिळून बघा, एकटीने नको. बघताना एवढंच विचारत राहा, या घरात चादरी कोणाच्या गेल्या, आणि पुढे तिचं काय झालं ते सिनेमा सांगतो की नाही.