‘स्मृतिचित्रां’तील शहाणपण

बायबलांतील नीतिसूत्रांच्या ग्रंथांत ज्ञान ही एक स्त्री आहे. ती चव्हाट्यावर, वेशीपाशीं, गर्दीच्या वाटेवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांस हांक मारते. पुढें नवव्या अध्यायांत मूर्खता ही दुसरी स्त्री आपल्या घराच्या दारांत येऊन बसते आणि त्याच वाटसरूंस बोलावूं लागते. मौजेची गोष्ट अशी कीं, दोघींच्या आमंत्रणाचे पहिले शब्द एकच आहेत. ग्रंथकर्त्याचा इशारा यांतच आहे: हांक ऐकून घर ओळखतां येत नाहीं, आंत काय वाढलें आहे तें पाहावें लागतें.

हें रूपक आम्हांस आठवलें तें लालबागेंतल्या एका चाळींत. गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकामागून एक मुके झाले, त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. पण कांहीं चाळी अजून आहेत, आणि त्यांतल्या एका बिऱ्हाडीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर कांहींतरी मोठ्यानें वाचण्याचा परिपाठही अजून आहे. आम्ही गेलों तेव्हां लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ चाललीं होतीं. घर गणपति बसविणारें. ख्रिस्ती धर्माशीं त्याचा संबंध या पुस्तकापुरताच. मंडळी पोट धरून हंसत होती. वाचन थांबल्यावर घरांतल्या आजींनीं आम्हांस विचारलें, “काय हो, या नवराबायकोंत शहाणें कोण म्हणायचें?” प्रश्न साधा दिसला, पण उत्तर देतां येईना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नास उशिरा दिलेलें उत्तर होय.

‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. त्याचे वाचक दोन प्रकारचे आढळतात. एक, विनोदावर लुब्ध होऊन धर्मांतराचीं पानें सौजन्यानें उलटणारे. दुसरे, धर्मांतरासाठींच पुस्तक हातीं घेऊन विनोदाकडे काणाडोळा करणारे. आमच्या मतें दोघेही अर्धेंच पुस्तक वाचतात. मराठींत ख्रिस्ती वाङ्मय आधींही होतें. बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें, त्यांचें आत्मचरित्र ‘अरुणोदय’ १८८८ सालचें. तेथें शहाणपणाची निवड बहुधा वादानें होते: पूर्वपक्ष मांडावा, तो खोडावा आणि सत्याकडे वळावें. लक्ष्मीबाईंपाशीं शास्त्रार्थ नाहीं. त्यांस लिहितांवाचतां येऊं लागलें तें लग्नानंतर, पतीच्या शिकवणीनें. त्यांची तर्कशाळा म्हणजे चूल, पाण्याची घागर आणि रिकामी होत चाललेली पैशांची पिशवी.

पुस्तकाच्या आरंभींच एक वेड भेटतें. १८५७ च्या बंडांत कुटुंबावर जो आघात झाला, त्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, मनांत सोंवळ्याचें भय शिरलें. बाजारांतून आलेला जिन्नस धुवावयाचा, स्पर्शास भ्यावयाचें, आणि घरांतल्या बायकामुलांनीं त्या भयाखालीं दिवस काढावयाचे. हें सारें शहाणपणाच्याच स्वरांत चालतें; नाना आपल्या समजुतीनें धर्मच पाळीत असतात. लेखिका त्यांस शिव्याशाप देत नाहीं. हंसतां हंसतां नुसतें दाखविते. मूर्खतेची हांक ज्ञानाच्या हांकेसारखी कां ऐकूं येते, हें याहून स्पष्ट क्वचितच कोणीं दाखविलें असेल.

याच घरांत वाढलेली मुलगी पुढें तें भय टाकते, आणि तेंही स्वतःच्या बुद्धीनें. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो घेतला १९०० सालीं. पतीजवळ परत आल्यावरही प्रथम त्या आपलें सोंवळें वेगळें ठेवून राहात होत्या, आणि टिळकांनीं त्या बाबतींत सक्ति केली नाहीं. मग एके दिवशीं त्यांनीं आपल्याशींच विचार केला कीं, जाती देवानें केल्या कीं माणसानें? उत्तर सांपडतांच कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्याचें त्यांनीं ठरविलें. बाप्तिस्मा त्यानंतरचा. या चरित्रांतील खरी निवड आमच्या मतें त्या घोटभर पाण्यापाशीं झाली. खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा येशूचा दाखला प्रसिद्ध आहे. वचन ऐकून त्याप्रमाणें वागतो तो शहाणा, असा त्याचा आशय. लक्ष्मीबाईंनीं ऐकलें थोडें असेल. पण पटलें तें आचरणांत आणावयास त्यांस वेळ लागला नाहीं.

आतां टिळक पाहा. पंडित, कवि, वक्ते. पण हातांत आलेला पैसा मुठींत राहावयाचा नाहीं, आणि समोर गरजू दिसला कीं घरचा विचार सुचावयाचा नाहीं. व्यवहाराच्या तराजूंत हें वेडच ठरेल. परंतु जगाचें शहाणपण देवापुढें मूर्खपण आहे, असें पौलानें करिंथकरांस कळविलें आहे, आणि टिळक त्या शिकवणीवर संसार करूं पाहात होते. दहा कुमारींच्या दाखल्यांत शहाण्या पांचजणी आपलें तेल राखून ठेवितात. टिळकांच्या घरीं तेल राखण्याचें काम लक्ष्मीबाईंकडे आलें. मात्र दाखल्यांतल्या कुमारी तेल मागणाऱ्या मैत्रिणींस बाजाराची वाट दाखवितात. लक्ष्मीबाईंनीं, कुरकुर करीत कां होईना, अनाथ पोरांस घरांत घेतलें आणि बालकवींसारख्या कवीस आईची माया दिली.

येथें एक आक्षेप नोंदविणें अवश्य आहे. अंतःकरणास जें सत्य वाटलें त्यासाठीं टिळकांनीं सर्वस्व सोडलें, हें थोर खरें. पण त्या सर्वस्वांत एक पत्नी आणि एक लहान मुलगा होता. लक्ष्मीबाईंनीं कित्येक वर्षें आप्तांच्या आश्रयानें काढलीं. तीं पानें वाचतांना हंसूं ओठांवरच थांबतें. स्वतः किंमत देऊन घेतलेला निर्णय शहाणपणाचा असेल; ती किंमत दुसऱ्याच्याही माथीं बसत असेल, तर त्यास तितकाच शहाणा म्हणावें काय? पुस्तक या प्रश्नाचा निवाडा करीत नाहीं. पतिभक्तीनें लेखणी अडली, असें एखादा टीकाकार म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. टिळकांचा राग, लहरीपणा, उधळेपणा लक्ष्मीबाई कोठेंच झांकीत नाहींत. त्या फिर्याद मागें घेतात, पुरावा मात्र जागच्या जागीं ठेवितात. क्षमा आणि विस्मरण यांत अंतर आहे, हें ज्यास या पुस्तकांतून कळलें, त्यास ख्रिस्ती क्षमेचा अर्थ पुष्कळ कळला असें आम्ही म्हणूं.

आजींस आतां उत्तर देतां येईल. नवऱ्याचा उधळेपणा आणि बायकोची काटकसर यांवरून शहाणें कोण हें ठरणार नाहीं. जेथें भय वाढलेलें असतें तें मूर्खतेचें घर, मग दारावर कोणत्याही धर्माची पाटी असो. आणि जेथें परक्यासही पान मांडलें जातें तें ज्ञानाचें. त्या घराची वाट टिळकांस आधीं सांपडली. तेथली चूल लक्ष्मीबाईंनीं पेटती ठेविली. १९१९ सालीं टिळक वारले तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरेंच होतें. तें पुढें नेण्याचें काम ज्यांनीं अंगावर घेतलें, त्याही लक्ष्मीबाईच.