मॉडेल जुळलं, म्हणजे पूल कळला का?

पुलांच्या मॉडेल-कॅलिब्रेशनवर काम करायचं ठरवलंत, तर ट्यूगल्स आणि डी रूक यांचा २००४ चा पेपर वाचावाच लागतो. मी तो तीनदा वाचला. पहिल्या दोन वेळा भारावून, तिसऱ्यांदा जरा शंकेने.

गोष्ट थोडक्यात अशी. स्वित्झर्लंडमधला झेड-२४ हा प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा पूल, मधला गाळा ३० मीटरचा. १९९८ मध्ये तो पाडायचाच होता. म्हणून संशोधकांनी आधी तो जवळपास वर्षभर मोजला आणि मग मुद्दाम दुखावला: एक खांब टप्प्याटप्प्याने ९५ मिलिमीटर खाली घेतला. या पेपरमध्ये कंपनांच्या मोजमापांशी जुळेपर्यंत मॉडेलमधला स्टिफनेस बदलत नेला आहे आणि त्यावरून गर्डर कुठे कमकुवत झाला ते शोधलं आहे.

पेपरची जमेची बाजू मोठी आहे. प्रत्येक तुकड्याला वेगळा स्टिफनेस न देता तो मोजक्या फंक्शनांनी गर्डरभर पसरवलाय, त्यामुळे शोधायच्या अज्ञात संख्या कमी राहतात. शिवाय आधी धडधाकट पुलाचं मॉडेल जुळवलं, मगच दुखावलेल्या पुलाचं.

माझा आक्षेप इथेच सुरू होतो. खांब कोणता खचवला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तरपत्रिका हातात असताना गणित सुटलं, म्हणजे पद्धत चुकीची नाही एवढंच सिद्ध होतं. अनोळखी पुलावर ती चालेल हे नाही. दुसरं म्हणजे हवामान. याच पुलाच्या वर्षभराच्या नोंदींत कडाक्याच्या थंडीत डांबर कडक होऊन फ्रिक्वेन्सी वाढलेली दिसते. मग एका दिवसाच्या मोजमापावर जुळवलेल्या मॉडेलमध्ये पूल किती आणि त्या दिवसाचं हवामान किती?

आता आपल्याकडे या. दापोडी-बोपोडीला जोडणारा, मुळेवरचा ब्रिटिशकालीन हॅरिस पूल घ्या. तो नवा असतानाची कंपनं कोणी मोजून ठेवलेली नाहीत. म्हणजे झेड-२४ ची पहिली पायरीच आपल्याकडे नाही. समजा, मोजलेली फ्रिक्वेन्सी मॉडेलपेक्षा ५ टक्के कमी आली. फ्रिक्वेन्सी स्टिफनेस भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. त्यामुळे स्टिफनेस साधारण १० टक्के कमी धरा किंवा वस्तुमान ११ टक्के जास्त, आकडा तोच जुळतो. पहिलं खरं असेल तर जड वाहनांबद्दल विचार करावा लागेल. दुसरं खरं असेल तर कदाचित वर्षानुवर्षं चढवलेले डांबराचे थर खरवडले की झालं. आलेख मात्र दोन्हीकडे सारखाच सुंदर!

पहिल्या वर्षी मीही असाच एक आलेख मिरवला होता. गाईडने एकच विचारलं, "न वापरलेलं मोजमाप कुठंय?" माझ्याकडे नव्हतं.

म्हणून प्रपोजल लिहिताना दोन गोष्टी आधीच ठरवा. काही मोजमापं कॅलिब्रेशनपासून लांब ठेवा आणि शेवटी मॉडेलला त्यांचं भाकीत करायला लावा. आणि शक्य असेल तिथे वजन माहीत असलेले ट्रक उभे करून पूल किती वाकतो तेही मोजा. ट्रकमुळे वाढलेल्या वाकात स्टिफनेस बोलतो, पुलाचं स्वतःचं वजन नाही. वरची गाठ तिथेच सुटते. एवढं केलं नसेल, तर प्रबंधात ‘मॉडेल जुळलं’ लिहा. ‘मॉडेल सिद्ध झालं’ लिहू नका, कारण ते वाक्य वाचून कोणीतरी पुलावर ट्रक सोडणार असतो.