चांदीवरची फुले आणि वजनाचा काटा

इंदूरमधल्या पलासियाच्या झगमगीत दुकानांत सध्या ‘अँटिक’ चांदीची चलती आहे. टी-सेट, तबके, गुलाबदाण्या, पेले; सगळ्यांवर दाट वेलबुट्टी आणि खाचांत मुद्दाम ठेवलेला काळपटपणा. लग्नसराईत हा माल हातोहात जातो. पण त्यावरची फुले बहुतेक साच्यातून छापलेली असतात. डाव्या पाकळीत आणि उजव्या पाकळीत फरक नाही, उठावाला खोली नाही.

जुने काम वेगळेच. भांड्याला आतून उठाव देऊन, मग आत राळ भरून, बाहेरून बारीक कलमांनी एकेक शीर उमटवायची. शुद्ध चांदी वापरातल्या भांड्यांना फार मऊ. म्हणून हजारात 925 भाग चांदी आणि बाकी बहुधा तांबे, हे स्टर्लिंगचे प्रमाण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुजच्या उमरसी मावजींनी या उठावकामात कमाल केली. कच्छच्या दरबाराचे हे कारागीर. त्यांच्या चहादाण्यांवर बोटभरही जागा मोकळी नाही, पानाआडून हळूच एखादे जनावर डोकावते. (कधीकधी जीव गुदमरतो, हेही खरे.) पुण्यात हीराप्पा बुचेना यांनी साहेबांच्या टेबलासाठी देवादिकांच्या मूर्ती चांदीवर आणल्या. तिकडे बाल्टिमोरमध्ये सॅम्युअल कर्कने 1828पासून असल्याच उठावाच्या फुलांनी अमेरिकी घरे भरली.

मराठी घरांनी मात्र ताट-वाटी साधीच ठेवली. हाताने जेवायचे आणि राखेने घासायचे, तिथे नक्षीत अडकलेला भात कोण काढणार? नक्षी गेली अत्तरदाणीवर, गुलाबदाणीवर, पानदानावर. ही समज मला आजच्या फुलाफुलांच्या डिनर-सेटपेक्षा अधिक कलात्मक वाटते.

गंमत अशी, की इंदूरच्या राजघराण्यातली जगभर नावाजलेली चांदीही बिनफुलांचीच. यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930च्या दशकात वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून आपला माणिकबाग राजवाडा सजवून घेतला, तेव्हा चांदीकाम पॅरिसच्या ज्यां प्युफोर्काचे आले: सरळ रेषा, स्वच्छ गोलाई. तेही पुढे इथे राहिले नाही. माणिकबागेतल्या वस्तू 1980 साली मोनॅकोत लिलावात विकल्या गेल्या.

राजवाड्यांचे असे झाले, घराघरांतले सराफ्यात वितळते. काट्यावर फक्त ग्रॅम मोजले जातात. घडणावळ मोडीत शून्य. 2025 मध्ये किलोचा भाव लाखापलीकडे गेल्यावर तर आजीची गुलाबदाणी कपाटात ठेवणे मूर्खपणाचे वाटू लागले. गिऱ्हाईक आहे, पैसाही आहे; हाताला मोल नाही, म्हणून हात उरत नाहीत. नवा कारागीर महिनाभर एका तबकावर का बसेल?

तेव्हा एवढे करा. मोडीला देण्याआधी भांडे उलटे करून पाहा. बुडाशी कारागिराचा ठसा असेल, आतून हातोडीच्या खुणा दिसत असतील, तर ते जाणकाराला दाखवल्याशिवाय काट्यावर ठेवू नका.